दोन चिंचोके, एक सरकी

दिग्रसजवळच्या तांड्यावर रंजिता अंगणवाडी चालवायची. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. एका सकाळी तिने पोरांपुढे ओळ मांडली, दोन चिंचोके, एक सरकी, पुन्हा दोन चिंचोके, एक सरकी.

"आता पुढं काय येईन?"

चार वर्षांची पायल नवी ओळ मांडू लागली. चिंचोका ठेवताना ती तांड्यातल्या ओळीनं एकेका घराचं नाव घ्यायची. "हे फुलसिंग काकाचं, हे आमचं." सरकी ठेवताना मात्र गप्प राहायची.

रंजिता मनातल्या मनात घरं जुळवू लागली. पहिली सरकी मोतीरामच्या घरावर आली, दुसरी बिजलीबाईच्या. फवारणीचं विष अंगात भिनून दोघांचीही माणसं त्याच महिन्यात गेली होती.

पायलने आणखी दोन घरांची नावं घेतली आणि तिसरी सरकी ठेवली. त्या सरकीच्या जागचं घर रंजिताचं होतं. तिचा नवरा सकाळीच पाठीला पंप लावून वावरात गेला होता.

रंजिताने ती सरकी उचलली आणि तिथं चिंचोका ठेवला.

"मॅडम, चुकलं तुमचं," पायल हळूच म्हणाली.

सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "इथं सरकीच येते, मॅडम."