बाबांचं लिस्बन

"आई, याला छप्पर आहे गं," फोनमधून निधी म्हणाली तशी सुगंधा पडद्याजवळ सरकली.

पडद्यावर एक थोराड दगडी चर्च दिसत होतं. दोन बुरूज, मधे गोल खिडकी आणि वर चांगलं धडधाकट छप्पर. निधी ऑफिसच्या कामासाठी लिस्बनला गेली होती. काम काल संपलं होतं आणि आजचा शनिवार तिने बाबांच्या पत्रांसाठी राखून ठेवला होता. इकडे घाटकोपरला, भटवाडीतल्या खोलीत, सुगंधा आणि सहदेव पलंगावर खांद्याला खांदा लावून बसले होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता.

"हे नसेल ते," सुगंधा म्हणाली. "पत्रातलं उंचावर होतं. चढून जावं लागतं."

"बाबा, तुम्हीच सांगा ना. कुठल्या बाजूला जाऊ?"

सहदेव खाकरला. "तीस वर्षं होत आली गो बाय," एवढंच म्हणाला.

"त्यांना काय विचारतेस? तिथल्याच कोणाला तरी विचार," सुगंधा घाईघाईने म्हणाली.

निधी लहानपणापासून ऐकत आली होती ते असं: ती सात वर्षांची असताना सहदेव बोटीवर गेला. लिस्बनला उतरला आणि तिथल्याच गोदीत त्याने काम धरलं. कागदपत्रं धड नव्हती, त्यामुळे पुढची सात वर्षं परत येता आलं नाही. वर्षातून चार-पाच पत्रं यायची. पाकिटावर तिकीट नसायचं, कारण कोणी ना कोणी खलाशी मुंबईला येताना हातोहात घेऊन यायचा. सहदेव शाळा शिकला दुसरीपर्यंत, म्हणून गोदीतला एक गोवेकर कारकून त्याला पत्र लिहून द्यायचा. सुगंधा पार्ल्याला एका प्राध्यापकांच्या, देशोदेशीच्या पुस्तकांनी भरलेल्या घरी पोळ्या करायला जायची. तिथून आली की हातपाय धुऊन पत्र उघडायची आणि मोठ्याने वाचायची. निधी तेवढा वेळ जागची हलायची नाही.

त्यातल्याच एका पत्रात हे चर्च होतं. भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं आणि लोकांनी ते पुन्हा बांधलंच नाही. कमानी उभ्या आणि वर आभाळ. निधीने हे शाळेत सांगितलं तेव्हा सगळा वर्ग खदाखदा हसला. मामा तर तोंडावर म्हणाला, "तुझा बाप एक नंबरचा थापाड्या आहे." त्या दिवशी पोर जेवली नव्हती.

सहदेव परत आला तो अबोल होऊन. पहाटे पाचला उठणार, अंथरुणाची चौकोनी घडी घालणार, स्वतःचं ताट स्वतः घासणार. गोदीतली शिस्त, असं शेजारीपाजारी कौतुकाने म्हणायचे. लिस्बनचं नाव मात्र तो चुकूनही काढायचा नाही. "तुमचंही तिकीट काढते," असं निधी या वेळी म्हणाली, तर दोन्ही हात हलवून नको म्हणाला.

"मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय," निघताना निधी आईला म्हणाली होती. "तसंच असलं, तर बाबा खरे."

नसलं तर काय, हे ती बोलली नाही. सुगंधाला ते न बोलताही ऐकू आलं. एक गोष्ट खोटी निघाली की पोरीचा सगळा बापच खोटा पडणार.

पडद्यावर निधी चढ चढत होती. शेजारून पिवळी ट्राम खडखडत गेली. घरांच्या भिंतींना निळ्या नक्षीच्या फरशा होत्या.

"आई, फरशा! सेम पत्रातल्या!"

कोपऱ्यावर एक माणूस जाळीवर मासे भाजत होता. सहदेवने चेहरा फोनला लावलाच. "तारले गो! आपले तारले!"

"अहो, मागे सरा. मला दिसत नाही," सुगंधाने त्याला खांद्याने ढकललं. त्याचे डोळे जत्रेत आलेल्या पोरासारखे मोठे झाले होते.

एक छोटा चौक आला, मग एक जुना दरवाजा. निधी आत गेली. फोन हळूहळू वर वळला.

दोन्ही बाजूंना उंचच उंच खांब. त्यांच्यावरून कमानी निघालेल्या, एकीपुढे एक, माशाच्या काट्यासारख्या. आणि मधे काहीच नाही. नुसतं निळंशार आभाळ. एक पक्षी या बाजूने आत आला आणि त्या बाजूने निघून गेला.

अडीचशे वर्षांहून जास्त काळ हे असंच उभं आहे आणि चला, झाकून टाकू या, असं कोणालाच वाटलं नाही. देवाच्या घरात थेट आभाळ उतरलं होतं. सुगंधाने पदर तोंडाशी धरला. पत्रातले शब्द याच्यापुढे फारच तोकडे होते.

"बाबा," निधी रडतच बोलत होती, "सगळं तस्संच आहे. मामाला आत्ताच्या आत्ता फोटो पाठवते."

"पाठव," सहदेव म्हणाला.

"तुम्ही कुठे उभे होतात? मी तिथेच उभी राहते."

सहदेवने सुगंधाकडे पाहिलं.

"मधोमध," सुगंधा म्हणाली.

"मधोमध," सहदेव म्हणाला.

निधी मधोमध जाऊन मान वर करून उभी राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. मग डोळे पुसत, हसत, तिने हात हलवला आणि फोन बंद केला.

सहदेव काळ्या पडद्याकडे बघत राहिला.

"नाशिकच्या तुरुंगात सात वर्षं नुसती भिंत बघितली मी," तो म्हणाला. "पुढच्या पत्रात काय लिहिलं होतंस गो? तिथून मी खंय गेलो?"