काचेवरचं शेवाळ

बहात्तरचा दुष्काळ. राहात्याच्या इंजिनियरसाहेबांनी मुंबईहून समुद्राच्या पाण्यासकट रंगीत मासे आणून दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत सोडले होते. त्यांना रोज मूठभर सुकट कुटून टाकायचं काम बनुबाईकडे होतं.

त्या दिवशी साहेबांनी काचेवरून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं.

"बनुबाई, शेवाळ बघ किती माजलंय! माशांनी खाऊन उरलेलं सडतं, त्यावर हे पोसतं. तू फार टाकतेस."

"न्हाई सायेब. म्या लई न्हाई टाकत."

"अगं, मूठभर मीच काढून देतो ना? मग जातं कुठं? आजपासून चिमूटभरच देईन."

साहेबांनी दिलेली चिमूट तिनं त्यांच्यादेखत पाण्यात सोडली.

दिवस कलता ती घरी आली. तापातून उठलेली लेक रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची कोरडी भाकरी पुढ्यात घेऊन वाट बघत बसली होती. आईला बघताच तिनं सवयीनं पदराचं टोक ओढून गाठ चाचपली. गाठच नव्हती.

"आये, आज सुकट न्हाई?"

"न्हाई बाय. सायेब म्हनलं, माशांचं खाऊन बी लई उरतंय."