समास

बोट पुन्हा बटणाच्या खाली टेकले. पडदा ढिम्म.

"तुझं यंत्र बहिरं आहे," बाबा म्हणाले.

"बहिरं नाही हो. नेम चुकला. पुन्हा करा."

चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या त्या हाताला आता कंप होता. टॅबच्या पडद्यावर एकच बटण होते : 'गोळी घेतली'. ते दाबले की मुलीच्या फोनवर निरोप जाई. न दाबले, तर अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला इशारा जाई आणि ती येऊन दार ठोठावी. काल ती तीनदा वर आली, आणि तिन्ही वेळा गोळी केव्हाच पोटात गेलेली होती. सोमवारी मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू व्हायची होती. तोवर हे बटण साधले नाही, तर बाबांनी दादाकडे राहायला जावे, असे भावंडांनी ठरवले होते. दादाचे घर मोठे होते. बाबांना मात्र हेच घर हवे होते.

"बटण मोठं करते."

"मुळीच नको. अक्षर फुगवलं की पाटी ओरडायला लागते. आणि मी काय आंधळा आहे?"

मुलीने लॅपटॉप पुढे ओढला. बटण तिने घडवलेले नव्हते. वेबपानांसाठी अशी बटणे रंगरूपासकट तयार मिळतात. ज्याला वेगळे हवे, त्याने बटण कसे दिसावे-वागावे हे सांगणाऱ्या मूळ नियमावर आपला नियम लिहायचा. तिने लिहिला. बटण जसेच्या तसे. मूळ नियमच वरचढ ठरला होता.

"काय चाललंय एवढं?"

"बटण तयार मिळालंय, त्यात थोडा फेरफार."

"म्हणजे रेडिमेड सदरा आणायचा आणि घरी बाह्या उसवायच्या!"

"आणि सदरा ऐकत नाही."

"तुझ्यावर गेलाय."

ती हसली. मग नियम कोणासाठी आहे, ते तिने अधिक नेमके लिहिले : सरसकट सगळ्या बटणांसाठी नव्हे, या पानावरच्या या एका बटणासाठी. आता तो मानला गेला. आकाराला तिने हात लावला नाही, रंगालाही नाही. बटणाच्या चहूबाजूंना, खालच्या अंगाला अंमळ जास्तच, स्पर्श ओळखणारी जागा तेवढी वाढवली, आणि ती दिसणार नाही अशी ठेवली.

"आता बघा."

बोट थरथरत आले आणि पूर्वीच्याच जागी, बटणाच्या खाली टेकले. तिचा फोन गुरगुरला.

"लागलं की!" बाबा खुर्चीत सरळ झाले. "हात बरा आहे आज."

"हो," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "दादाला सांगते, तुम्ही इथेच राहताय."

ती आतल्या खोलीत गेली. दादाशी बोलता बोलता फोन कानाशी थरथरला. पुन्हा थरथरला. तिने दारातून डोकावले.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून टॅब डोळ्यांजवळ धरला होता. बटणापासून चांगले नखभर दूर, कोऱ्या जागेवर, ते बोट टेकवत होते. लागले की बटण क्षणभर उजळे. फोन थरथरला. बोट थोडे खाली सरकले. फोन थरथरला. आणखी खाली. फोन गप्प राहिला, पडदा ढिम्म.

बाबांनी टॅब हलकेच टेबलावर ठेवला.

"समास नीट सोडलायस," मागे न बघता ते म्हणाले. "खालून जास्तच हवा असतो."