पाठमोरी

पडद्यावर दादाची बोट दीपगृहाच्या धक्क्याला लागली आणि शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने चहाचा कप खाली ठेवला.

संगणकावरचा हा खेळ सकाळीच बाजारात आला होता. दादा शाळेत गणित शिकवायचा. आज पोटदुखीची थाप मारून त्याने रजा टाकली होती. ‘हरवलेली बेटं’ या मालिकेचा पहिला भाग त्याने शाळकरी वयात खेळला होता. पुढचे सगळे भागही त्याने खेळले, त्यांना मनसोक्त नावं ठेवली आणि पुन्हा पहिल्याकडेच वळला. आता तोच पहिला भाग कंपनीने नव्याने बनवून आणला होता. धाकटी त्याच कंपनीत चित्रकार होती. ती नेमकं काय काढते हे घरीसुद्धा बोलायची तिला बंदी होती आणि तिने ती इमानेइतबारे पाळली होती.

दीपगृहात एक म्हातारी होती. जुन्या खेळात ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची, तशीच बोलायची आणि तशीच, मागे हात करून, कंदील द्यायची. चाहत्यांनी तिचं नाव पाठमोरी ठेवलं होतं. मुलगा समुद्रात बुडाला म्हणून ती कुणाला तोंड दाखवत नाही, असं काहींचं म्हणणं. ती आंधळी आहे, असं काहींचं. दादाच्या मते ती रडत होती आणि शहाण्याने तिला काही विचारू नये. यावरून शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत होती.

कंपनीतल्या जुन्या लोकांना खरं काय ते ठाऊक होतं आणि त्यांच्याकडून ते धाकटीलाही कळलं होतं. म्हातारीचं तोंड काढायचं राहूनच गेलं होतं. खेळ बाजारात न्यायची वेळ झाली, चित्र अर्धवट, तेव्हा चित्रकाराने तिला भिंतीकडे फिरवलं आणि दिवा बंद करून तो घरी गेला.

नव्या खेळाची झलक आली तेव्हा तिच्यात म्हातारीची नुसती शाल दिसली होती, पहिल्यापेक्षा जरा उजळ. तेवढं पुरलं. आता हे तिचं तोंड दाखवणार अशी आवई उठली, कंपनीला शिव्यांची लाखोली वाहिली गेली आणि त्यात आमचे गणिताचे मास्तर सगळ्यांत पुढे. एकदा जेवताना तो धाकटीला म्हणाला होता, “ज्याने कुणी पाठमोरीला हात लावलाय ना, त्याला मी दारात उभं करणार नाही.” हात धाकटीनेच लावला होता. ती पाणी प्यायली.

“जातो आत,” दादा म्हणाला आणि त्याने दीपगृहाचं दार ढकललं.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पण दादा एवढ्यावर भुलणारा नव्हता. जुन्या खेळात तिच्या पुढे जाताच येत नसे. नव्यात खोलीभर हिंडता येत होतं. तो भिंतीला धरून हळूहळू पुढे सरकला.

म्हातारी वळली. तो जेवढा पुढे गेला तेवढीच वळली आणि त्याच्याकडे पुन्हा पाठ. तो दुसऱ्या बाजूने आला, ती उलटी वळली. तो टेबलावर चढला, कोपऱ्यात दबा धरून बसला, एकदा तर सरळ धावतच गेला. पाठ ती पाठच.

“पुरे रे, चक्कर येईल बिचारीला,” वहिनी म्हणाली. औषधाच्या दुकानात कामावर निघालेली ती पायात एकच चप्पल घालून उभी राहिली होती.

दादा हसायला लागला. आधी बारीक, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “नाही दाखवत,” तो म्हणाला. “नाहीच दाखवत गं ती.”

त्याने फोन उचलून चाहत्यांच्या गटात लिहिलं, ‘पाठमोरी सुखरूप आहे. बिनधास्त खेळा.’ फोन लगेच थरथरायला लागला. ‘देव पावला,’ एकाने लिहिलं. ‘मी केव्हाचा दाराबाहेर उभा आहे, आता जातो आत,’ दुसऱ्याने. कालपर्यंत कंपनीला आग लावायला निघालेल्या एकाने शालीचा रंगही तसा छान आहे असं कळवलं.

“हे कुणी केलंय, तुला माहीत असेल,” दादा म्हणाला.

“मी.” खेळ बाहेर आला होता, आता सांगायला हरकत नव्हती. “साहेब म्हणाले, तोंड काढ. मी काढलंही. पण ती माझ्याकडे बघायला लागली आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग म्हटलं, वळू दे तिला.”

दादा तिच्याकडे वळला. “मग तेव्हा जेवताना का नाही बोललीस?”

“तू दारात उभं करणार नव्हतास.”

वहिनी खो खो हसली. दादाने धाकटीच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. कित्येक महिन्यांत धाकटीला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पडद्यावर म्हातारीने मागे हात करून कंदील पुढे केला. तो घेताना दादाचा आवाज आपोआप खाली आला, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा.

“तू राखलंस खरं. पण हे मुळात ज्याला सुचलं ना, तो माणूस थोर. तोंड न दाखवता एवढं दुःख दाखवायचं. किती विचार केला असेल गं त्याने?”

धाकटीने त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“खूप,” ती म्हणाली. “सगळे घरी गेले तरी तो एकटाच बसून होता म्हणे.”