स्वच्छ रिपोर्ट

बेकरीवाल्या काकांना थंडी वाजून ताप भरायची ही तिसरी खेप. काकू धास्तावल्या आणि त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दर वेळी गोळ्या बदलून अंधारात दगड मारणं आता पुरे. आधी लघवी तपासू. कोणता जंतू आहे ते कळलं की त्यावरच औषध देते. तोवर घरातल्या उरलेल्या गोळ्यांना हात लावायचा नाही."

रिपोर्ट आला. त्यात एकही जंतू सापडला नव्हता, आणि समोर काका तर शाल पांघरून कुडकुडत बसलेले. डॉक्टरबाई चक्रावल्या. "आता औषध तरी कशावर देऊ?"

काकूंचा धीरच सुटला. "अगं बाई, म्हणजे काहीतरी भलतंच दुखणं दिसतंय!"



काका मात्र दात वाजत असतानाही मिशीत हसले. "घाबरतेस काय? बेकरीची तपासणी असली की आदल्या रात्री झुरळं मारून ठेवतो ना मी? इथंही उरलेल्या सगळ्या गोळ्या आदल्या रात्रीच घेतल्या, म्हणून तर रिपोर्ट असा चकाचक आला!"