तारींचं रक्त

रक्तातून पूर्वजांच्या आठवणी दाखवणाऱ्या केंद्रात कुंदा तारी तिसऱ्यांदा आली होती. तिचे खापरपणजोबा भागो तारी खाडीवर होडी चालवत. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे एकच मुलगा होता, कुंदाचे पणजोबा गोविंद. भर खाडीत होडी सोडून भागो पळाला, असं गाव अजूनही बोलत असे. ते खरं की खोटं, या विचाराने तिला चैन पडत नव्हतं.

सुई टोचली आणि तो दिवस दिसू लागला. पण ती होडीत नव्हतीच. नाकातोंडात खारं पाणी जात होतं, हात इवलेसे होते, आणि वल्हं टाकून एक दाढीवाला माणूस तिच्याकडे झेपावत होता.

तिने दचकून डोळे उघडले.

"ताई, ही बुडणाऱ्या पोराची आठवण आहे," तंत्रज्ञ नाफडे पडद्याकडे पाहत चाचरत म्हणाले. "भागोंची एकही आठवण तुमच्या रक्तात नाही. म्हणजे हे पोर गोविंद, आणि तो भागोंचा पोटचा नव्हता. तुमचं रक्त तारींचं नाही. नियमाने केंद्राच्या नोंदीतलं तुमचं आडनाव खोडावं लागेल."

कुंदा ताडकन उठली.

"होडी सोडली त्यांनी, हे खरंच. पण ती आमच्यासाठी सोडली. खबरदार खोडाल तर!"