हातोहात

उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयाच्या भिंतीवर मृण्मयीनं जुन्या पुराचं चित्र काढलं होतं. गळाभर पाण्यात उभ्या बाया लाल कापडात बांधलेली एक पोथी हातोहात पुढं देत होत्या. पोथी मधल्या एका बाईच्या हातात होती; जिथं भिंत संपत होती, तिथं शेवटच्या बाईचे पसरलेले हात रिकामेच होते.

दुष्काळाचं साल होतं. त्याच भिंतीला लागून टँकरसाठी रांग लागायची.

"मॅडम, पोथी सरकायलीय," रांगेतल्या लक्ष्मीबाई एकदा म्हणाल्या.

मृण्मयी हसली. मग तिनं पाहिलं. पोथी खरंच एक बाई पुढं गेली होती. तिनं चिडून ती रंगानं बुजवली. दुसऱ्या दिवशी पोथी आणखी पुढं होती.

आज ती शेवटच्या बाईच्या हातात आली होती. ऐन उन्हात भिंतीवरून गढूळ पाणी ओघळत होतं. मृण्मयीनं बोट लावलं. थंडगार.

"इथं कुणी पाणी ओतलं?" ती ओरडली.

"पाणी कुठलं, मॅडम? टँकर फिरकलाच नाय," मागून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "पोथी घ्या लवकर. पुढचा नंबर तुमचाच हाय."

मृण्मयी वळली. रांगेतल्या बायांनी हंडे खाली ठेवून हात पुढं केले होते. साऱ्याजणी गळ्यापर्यंत भिजल्या होत्या.